पोटातले बिऱ्हाडकरू

बालरोगतज्ज्ञाच्या दिवसातला बराच वेळ अशा एका विषयाच्या चर्चेत जातो, जो विषय सुसंस्कृत घरांत पंगतीला बसल्यावर काढला जात नाही. बाळाला शी कितीदा झाली, कोणत्या रंगाची झाली, पातळ की घट्ट, फेस होता का, वास आंबूस की कुजका, हे प्रश्न विचारण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. आणि त्यांची सविस्तर उत्तरे देताना आया आणि आज्या कंटाळलेल्या मी कधी पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे स्मरणिकेच्या संपादकांनी ‘सर्वांना रुचेल असा वैद्यकीय विषय घ्या’ अशी सूचना केली, तेव्हा रुचीचा भाग थोडा बाजूला ठेवून हाच विषय घ्यावा असे ठरवले. फराळाची बशी हातात असेल तर वाचकांनी ती आधी संपवावी, एवढीच विनंती.

या विषयाकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांत अग्रभागी असलेला माणूस बालरोगतज्ज्ञच होता, याचा आम्हा मंडळींना थोडा अभिमान आहे. थिओडोर एशेरिश हा जर्मन डॉक्टर १८८०च्या दशकात म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या पोटाच्या विकारांचा अभ्यास करीत होता. तो काळ रॉबर्ट कॉखचा. प्रत्येक रोगामागे एकेक जंतू हुडकून काढण्याची ईर्ष्या सर्व प्रयोगशाळांत होती. एशेरिशने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. आजारी बाळांबरोबरच निरोगी बाळांची शीही त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नवजात अर्भकाची पहिली काळसर हिरवी, डांबरासारखी शी त्याला जंतुविरहित आढळली. परंतु थोड्याच काळात तीत जिवाणूंची वस्ती सुरू होते, आणि ती वस्ती बाळाच्या आहाराप्रमाणे बदलते, हे त्याने नोंदवून ठेवले. १८८५ साली त्याने वर्णिलेला ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’ आज त्याच्याच नावाने, एशेरिशिया कोलाय म्हणून, जगभर ओळखला जातो. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए या तरुण डॉक्टरला अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये एक दुफाट्याच्या आकाराचा जिवाणू मुबलक आढळला. वरच्या दुधावरच्या बाळांत त्याचे प्रमाण फारच कमी होते. त्या दुफाट्यामुळे त्याचे नाव पडले बिफिडस. बालरोगशास्त्रातील पुढच्या शंभर वर्षांतल्या एका मोठ्या प्रश्नाचे मूळ या साध्या निरीक्षणात होते. त्याकडे वळण्यापूर्वी वस्तीचा एकूण पसारा पाहून घेऊ.

आम्ही विद्यार्थी असताना असे पाठ केले होते की, माणसाच्या शरीरात स्वतःच्या एका पेशीमागे दहा जिवाणू असतात. हा आकडा १९७२ मधल्या एका ढोबळ अंदाजावरून निघाला आणि पुस्तकांमागून पुस्तकांत उतरत राहिला. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधील रॉन मायलो आणि सहकाऱ्यांनी हिशेब नव्याने मांडला, तेव्हा सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरी, असे उत्तर आले. या सर्व जिवाणूंचे वजन भरते अवघे २०० ग्रॅम, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. पावशेरही न भरणारी ही मंडळी आपले भाडे कसे चुकते करतात, हे माणसापेक्षा गाई-म्हशींत अधिक स्पष्ट दिसते.

आपल्या वडोदऱ्यापासून आणंद सुमारे चाळीस किलोमीटर. तिथल्या दुधाने देशाचा इतिहास बदलला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ‘म्हैस गवत खाऊन दूध देते’ हे वाक्य शास्त्रदृष्ट्या अर्धेच खरे आहे. गवताचा मुख्य घटक सेल्युलोज. तो पचवू शकेल असे विकर कोणत्याही सस्तन प्राण्याच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. गाय-म्हशीच्या पोटाचा पहिला कप्पा, म्हणजे कोटीपोट, हे शंभर लिटरांहून मोठे, उबदार, प्राणवायुविरहित असे एक पिंपच असते. त्यातल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय आदिजीव आणि बुरशीही. हे सगळे मिळून चाऱ्याला आंबवतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले निघतात आणि गायीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे सत्तर टक्के ऊर्जा याच आम्लांतून मिळते. दुधातल्या लोण्याच्या बऱ्याच भागाची घडणही ॲसिटिक आम्लापासून होते. एवढ्याने भागत नाही. रवंथ झालेल्या घासाबरोबर हे जिवाणूही पुढे वाहत जाऊन चौथ्या कप्प्यात येतात आणि तिथे गाय त्यांनाच पचवून आपली बरीचशी प्रथिने मिळवते. म्हणजे म्हैस गवत घालते ते जिवाणूंना, आणि स्वतः जगते ती जिवाणूंवर. असा मालक आणि असे बिऱ्हाडकरू! आणंद कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुरती आणि मेहसाणी म्हशींच्या कोटीपोटातील या वस्तीचा जनुकीय तपास केला आहे. आपल्या परिसरात असे काम होते याची आपल्यापैकी अनेकांना वार्ताही नसते, म्हणून हा उल्लेख.

जिवाणू पचवायचे तर त्यांचे कवच फोडणारे विकर हवे. ते काम लायसोझाइम करते. आपल्या अश्रूंत आणि लाळेतही ते असते, पण तिथे त्याची भूमिका पहारेकऱ्याची. गायीने त्याला जठरात आणून स्वयंपाक्याच्या कामाला लावले. १९८७ साली कॅरो-बेथ स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पाने खाणाऱ्या आणि पुढच्या पोटात ती आंबवणाऱ्या आपल्या हनुमान लंगुराच्या जठरातल्या लायसोझाइममध्ये, गायीच्या लायसोझाइमसारखेच काही बदल स्वतंत्रपणे घडून आले आहेत. गाय आणि वानर यांचे नाते कित्येक कोटी वर्षांपूर्वी तुटलेले. पण पोटातले भाडेकरू सारखे वागणारे असले की घरमालकाच्या सवयीही सारख्या होतात. २००८ साली रुथ ली यांच्या गटाने साठ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या विष्ठेतील जिवाणू ताडून पाहिले. शाकाहारी प्राण्यांत विविधता सर्वाधिक, मांसाहाऱ्यांत सर्वांत कमी, आणि मनुष्य इतर मिश्राहारी वानरकुळाच्या पंगतीत, असा निष्कर्ष निघाला. अपवाद पांडाचा. बांबूखेरीज फारसे काही न खाणाऱ्या या अस्वलाच्या पोटातली वस्ती मात्र मांसाहारी प्राण्यांच्या वळणाची निघाली. बांबूपैकी जेमतेम १७ टक्के भाग पांडाला पचतो, म्हणून बिचारा दिवसभर खातच असतो.

योग्य भाडेकरू नसले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या झाडाचे आहे. मूळचे सुरत जिल्ह्यातले आणि पुढे पुण्याजवळच्या उरुळीकांचनचेच झालेले मणिभाई देसाई यांनी बायफ संस्थेमार्फत सुबाभळीचा मोठा प्रसार केला. पाला प्रथिनयुक्त, वाढ भराभर, चाऱ्याला उत्तम. पण या पाल्यात मिमोसिन नावाचे एक विषारी ॲमिनो आम्ल असते. जास्त पाला खाल्ला तर घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. गुरांत मिमोसिनपासून पोटात तयार होणारे दुसरे द्रव्य गलगंड निर्माण करते. ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांना हा त्रास फार जाणवला. तिथल्या रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या असे ध्यानात आले की, हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला पोटभर खातात आणि त्यांना काही होत नाही. त्याने तर्क केला की फरक शेळीत नसून शेळीच्या पोटात राहणाऱ्यांत असला पाहिजे. १९८०च्या दशकाच्या आरंभी हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू प्राणवायूचा स्पर्श होऊ न देता ऑस्ट्रेलियात आणले गेले आणि तिथल्या प्राण्यांच्या पोटात सोडले गेले. ते प्राणी सुबाभूळ निर्धास्तपणे खाऊ लागले. इतकेच नव्हे, तर हे जिवाणू कळपातल्या इतर जनावरांतही आपसूक पसरले. १९९२ साली त्या जिवाणूचे नामकरण झाले सिनर्जिस्टिस जोन्सिआय. एखाद्या प्राण्याचा ‘स्वभावधर्म’ म्हणून आपण जे समजतो, ते पुष्कळदा त्याच्या बिऱ्हाडकरूंचे कर्तृत्व असते, हे या प्रसंगाइतके स्वच्छ मला अन्यत्र क्वचितच दिसले आहे.

आता प्रश्न असा की ही वस्ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते कशी? जनुके गर्भाशयात मिळतात. भाडेकरू मात्र बाहेरून यावे लागतात. जन्मतः वासराचे कोटीपोट कामच करीत नसते. दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जाते. गाय वासराला चाटते, वासरू तिच्या सडांना, गोठ्यातल्या काडीला तोंड लावते आणि हळूहळू त्याचे पोट वसते. हत्तीचे पिल्लू आईची ताजी लीद खाते. ऑस्ट्रेलियातला कोआला निलगिरीची पाने खातो, ती इतकी चिवट आणि कषाय की दुसरे कोणी फारसे त्यांच्या वाटेला जात नाही. त्याचे पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की आई त्याला नेहमीच्या विष्ठेहून वेगळी, मऊ, पेजेसारखी विष्ठा मुद्दाम खाऊ घालते. ते आईचे विरजणच म्हणायचे! आपल्या घराण्यांत विरजण शेजारून मागून आणण्याची पद्धत होती. कोआलाच्या घराण्यात ते घरचेच लागते.

माणसाच्या आईला असे काही करावे लागत नाही. प्रसूतीच्या वेळी जन्ममार्गातून आणि विशेषतः आईच्या विष्ठेच्या सान्निध्यातून बाळाला पहिले जिवाणू मिळतात. पुढे आईची त्वचा, आईचे दूध, घरातली माणसे. पण माणसाच्या आईने एक वेगळीच व्यवस्था केली आहे, आणि इथे टिसिएचा तो बिफिडस पुन्हा भेटतो.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल सर्वाधिक प्रमाणात असणारा घन पदार्थ कोणता, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो. बहुतेक जण तत्काळ ‘प्रथिने’ असे उत्तर देतात. ते उत्तर चूक आहे. तिसरा क्रमांक ऑलिगोसॅकराइड नावाच्या, साखरेच्या कड्या जोडून बनलेल्या लहान साखळ्यांचा. एका लिटरमध्ये ५ ते १५ ग्रॅम, आणि त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार. गायीच्या दुधात त्या अगदी नाममात्र. आता गंमत अशी की, यांतील जवळजवळ काहीही बाळाला पचत नाही. त्यासाठी लागणारी विकरे बाळाकडे नाहीतच. बाळंतीण स्वतःच्या शरीराची ऊर्जा खर्चून, बाळाला न पचणारी साखर एवढ्या प्रमाणात का बनवते? निसर्ग इतका उधळा नसतो. १९५०च्या दशकात पॉल ग्यॉर्गी या मूळच्या हंगेरियन बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले की, आईच्या दुधातील या शर्करा बिफिडस जिवाणूची वाढ करतात. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड मिल्स यांच्या गटाने या कुळातल्या ‘इन्फॅन्टिस’ या उपजातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा त्यात या साखळ्या आत ओढून घेणारी आणि कापणारी हत्यारे ओळीने मांडून ठेवलेली सापडली. म्हणजे आईच्या दुधात दोघांचा स्वयंपाक असतो. बाळाचा एक, आणि बाळाच्या पोटातल्या या पाहुण्याचा दुसरा. त्या शिध्याच्या मोबदल्यात तो ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ले सोडतो, आतड्यातील वातावरण आम्लधर्मी ठेवतो आणि अनिष्ट जंतूंना तिथे पाय रोवू देत नाही. शिवाय यांतील काही साखळ्या आतड्याच्या अस्तरावरील शर्करांसारख्या दिसतात, त्यामुळे रोगजंतू अस्तराला चिकटण्याऐवजी फसून त्यांनाच चिकटतात आणि वाहून जातात.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला आंबूस वास येतो, हे म्हणूनच सुलक्षण आहे. तक्रार घेऊन आलेल्या आईला मी तसे सांगितले की तिच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास दिसतो. पाश्चात्त्य देशांतील १९२६ ते २०१७ या काळातील प्रसिद्ध नोंदी एकत्र करून पाहणाऱ्या एका अभ्यासात, स्तनपानावरील बाळांच्या शीची आम्लता या नव्वद वर्षांत घटत गेलेली दिसली. सामू ५.० वरून ६.५ वर गेला. संशोधकांचा कयास असा की, पिढ्यान्‌पिढ्या वरचे दूध, प्रतिजैविके आणि शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती यांमुळे तो बिफिडस त्या समाजांतल्या अनेक घरांतून बिऱ्हाड हलवून गेला असावा. आई दुधातून शिधा पाठवते आहे, पण जेवायला कोणी नाही, अशी ती स्थिती.

हे वाचून कोणी सिझेरियनच्या विरुद्ध लढा उभारू नये. योग्य वेळी केलेल्या सिझेरियनने वाचलेल्या आया आणि बाळे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या आणि खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. यातील सर्वच अनिवार्य होत्या असे आपल्यापैकी कोण छातीठोकपणे सांगेल? इंग्लंडमध्ये २०१९ साली ५९६ बाळांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या पोटात आईकडून येणारे बॅक्टेरॉइड्स बरेचसे गैरहजर आणि रुग्णालयात वावरणारे क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस यांसारखे जिवाणू जास्त आढळले. बाळ वरचे अन्न खाऊ लागेपर्यंत हा फरक पुष्कळसा बुजत जातो. त्याचे पुढील आयुष्यात नेमके काय परिणाम होतात यावर वाद आहे, आणि तो वाद मिटेपर्यंत आईबापांना घाबरवण्याचे कारण नाही. शस्त्रक्रिया झालेल्या आईलाही बाळ लवकर छातीशी धरता येते, हे मात्र निर्विवाद. मला अधिक खटकतो तो त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा. ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या, पण जन्मानंतर एका तासात स्तनपान सुरू झाले ते केवळ ४१.८ टक्के बाळांना. उरलेल्या बाळांना त्या तासाभरात काय मिळाले? पुष्कळदा काहीच नाही, कधी बाटली, आणि कधी परंपरा.

परंपरेचा विषय आपल्या गावात नाजूक आहे, कारण ती एका घरात दोन-दोन असतात. एका मराठी आजींनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, “डॉक्टरसाहेब, बाळाला गळथूथी द्यायची नाही, हे आमच्या विहीणबाईंना तुम्हीच सांगा. मी सांगितले तर वाईटपणा येतो.” मी आनंदाने तयार झालो. मग सहज विचारले, “आणि तुम्ही काय देणार?” आजी म्हणाल्या, “आम्ही काही देत नाही हो. नुसते सोन्याच्या अंगठीने मध चाटवतो.” गुळाचे पाणी त्यांचे आणि मध आपला! विहीणबाईंना आणि आजींना मी एकत्रच बसवून चहा दिला आणि सांगितले की, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, आणि मध तर पहिल्या वर्षात अजिबात नाही. मधाचे कारण या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात. तुम्ही-आम्ही तो मध खाल्ला तरी काही होत नाही, कारण आपल्या आतड्यात घर भरलेले आहे; नव्या बीजाला तिथे जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटातल्या वाड्यात मात्र खोल्या रिकाम्या असतात. तिथे हे बीज अंकुरते, विष तयार करते आणि बाळ लुळे पडते. १९७६ साली कॅलिफोर्नियात या रोगाची ओळख पटली. आजींनी अंगठी परत बोटात घातली. सोने चाटवायला हरकत नाही का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सोनाराकडे बोट दाखवून सुटका करून घेतली.

आता माझ्या व्यवसायबंधूंसाठी थोडे. बाळाला विषाणूजन्य जुलाब झाले आणि दोन दिवसांत थांबले नाहीत, की दोन प्रतिजैविकांची जोडी असलेले गोड पातळ औषध लिहून देण्याचा मोह होतो. पालकांनाही ‘काहीतरी दिले’ याचे समाधान लागते. विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. मार मात्र सगळा बिऱ्हाडकरूंना बसतो. जलसंजीवनी आणि जस्त एवढ्यावर बहुतेक बाळे बरी होतात. रक्तयुक्त आव, पटकी, रक्तात पसरलेला संसर्ग यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रतिजैविक देण्यात कुचराई नको. जुलाबातही हे जिवाणू आपल्या बाजूने कसे लढतात, याचा सुंदर पुरावा वेल्लोरच्या डॉ. बी. एस. रामकृष्ण यांनी २००० साली दिला. पटकीच्या रुग्णांना त्यांनी जलसंजीवनीत, लहान आतड्यात न पचणारा मक्याचा स्टार्च मिसळून दिला. तो मोठ्या आतड्यात पोचला, तिथल्या जिवाणूंनी त्याची आम्ले केली, त्या आम्लांबरोबर क्षार आणि पाणी शोषले गेले, आणि जुलाबाचे प्रमाण व कालावधी दोन्ही घटले. जुलाब झालेल्या बाळाला उपाशी ठेवू नये याचे आणखी एक कारण इथे सापडते: बाळाबरोबर त्याचे साहाय्यकही उपाशी राहतात.

मग प्रोबायोटिकच्या पुड्यांचे काय? दुकानात त्या डझनांनी मिळतात आणि पालक त्या दह्याचा अर्क समजून घेतात. दही उत्तमच, मेचनिकॉफने शंभर वर्षांपूर्वी त्याची महती गायिली. पण दह्यातले जिवाणू आतड्यात मुक्कामाला राहत नाहीत, चार दिवसांचे पाहुणे. पुड्यांपैकी बहुतेकांबद्दल माझे मत थंड आहे, परंतु एका प्रयोगाचा आदर केलाच पाहिजे, आणि तो आपल्या देशातला आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांची पाहणी केली. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जिवाणूचा एक निवडक वाण आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा, असे सात दिवस दिले. निम्म्यांना नुसती पूड. पहिल्या दोन महिन्यांत रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण साध्या पुडीच्या गटात ९ टक्के आणि जिवाणूच्या गटात ५.४ टक्के होते. २०१७ साली ‘नेचर’मध्ये हे निष्कर्ष आले, तेव्हा मी ते दोनदा वाचले. नवजात शिशूंच्या विभागात रात्री काढलेल्या कोणालाही त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात किती घरे आहेत हे कळेल. पण तपशील लक्षात घ्या. ती बाळे दोन किलोंहून वजनदार, जवळपास पूर्ण दिवसांची, स्तनपानावरची आणि निरोगी होती. आणि वाण तो एकच होता. कमी दिवसांच्या, नाजूक बाळांची गोष्ट निराळी. २०२३ साली अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रुग्णालयात दिलेल्या प्रोबायोटिकमधलाच जिवाणू त्याच्या रक्तात आढळला आणि बाळ दगावले. तिथल्या औषध प्रशासनाने त्यानंतर अशा बाळांबाबत जाहीर इशारा दिला. ‘निरुपद्रवी आहे, देऊन टाका’ हे वाक्य आपण नवजात कक्षात तरी उच्चारू नये.

शेवटी कुपोषणाविषयी, कारण मला या सगळ्या शास्त्रात सर्वांत अधिक आशा तिथे वाटते. पोट भरून अन्न दिले तरी काही कुपोषित मुले का सावरत नाहीत, हे कोडे आपण सर्वांनी अनुभवले आहे. जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने आफ्रिकेतील मलावीमध्ये ३१७ जुळ्यांच्या जोड्यांचा मागोवा घेतला. काही जोड्यांत एकाला सुजेचे कुपोषण झाले, दुसरे ठीक राहिले. घर तेच, ताट तेच. दोघांच्या विष्ठेतील जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडून त्यांना मलावीचाच आहार दिला, तेव्हा कुपोषित मुलाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचे वजन लक्षणीय घटले. पुढे गॉर्डन आणि ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील डॉ. तहमीद अहमद यांनी निरोगी बांगलादेशी बाळांच्या पोटातली वस्ती महिन्यागणिक कशी पक्व होत जाते, याचा आलेखच तयार केला. आपण वजनाचा तक्ता भरतो, तसा हा जिवाणूंचा तक्ता. तीव्र कुपोषित मुलांची वस्ती वयाच्या मानाने लहान निघाली. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात जणू तान्ह्या बाळाचे आतडे. उपचाराचे अन्न दिल्यावर ती थोडी सुधारे आणि मग पुन्हा मागे पडे.

म्हणून त्यांनी बिऱ्हाडकरूंना काय आवडते याचा शोध घेतला आणि त्यातून एक मिश्रण निवडले: चण्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी, सोबत थोडे तेल, साखर, जीवनसत्त्वे व खनिजे. ढाक्यातील मीरपूर वस्तीतल्या १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांना ते तीन महिने दिले गेले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तांदूळ, मसूर आणि दूध पावडर यांचे नेहमीचे तयार अन्न. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्या मिश्रणात उष्मांक कमी असूनही मुलांच्या वजनवाढीचा वेग अधिक होता, आणि हाडे व मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रथिनांचे रक्तातील प्रमाणही वाढले. सुमारे सव्वाशे मुलांचा प्रयोग, तोही एका शहरातला. त्याचा आवाका तेवढाच समजावा. त्यातले चारही मुख्य जिन्नस आपल्या खंडेराव मार्केटात एका फेरीत मिळतात. मात्र घरी कुटून दिलेले तेच जिन्नस तसेच काम करतील असे या प्रयोगावरून म्हणता येत नाही. त्यातली प्रमाणे, दळण आणि शिजवण ठरवून केलेली होती. वजन न वाढणाऱ्या मुलाच्या आईने ‘मग मी काय देऊ?’ असे विचारले तर मी सध्या एवढेच सांगतो की वरणभात, तूप, शेंगदाण्याचे कूट, केळे, अंडे चालत असेल तर अंडे, आणि दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूध सोडू नका. पुढच्या महिन्यात वजनाला घेऊन या.